एक पूर्णांक सात

अंबडच्या शेडमधल्या त्या पॅनेलचं दार
किल्लीनं उघडत नाही आता,
खालच्या कोपऱ्याला गुडघा द्यावा लागतो.
आत, पावाच्या लादीएवढा, राखाडी,
भट्टीचा मेंदू. सत्त्याण्णव सालचा.
मी तेव्हा सिन्नरला सातवीत होते.

पत्र आलंय कंपनीचं:
जुन्या फर्मवेअरला भोक आहे,
बाहेरचा कुणी त्यातून आत येऊ शकतो,
नवीन टाकून घ्या. टाकताना
काही बिघडलं तर जबाबदारी आमची नाही.
दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात,
लग्नघरातल्या न बोलणाऱ्या जावांसारखी.

पुण्याहून आलेला शार्दूल
उलट्या बादलीवर बसलाय, लॅपटॉप मांडीवर.
"मॅडम, वीस मिनिटांचं काम."
ह्या वीस मिनिटांसाठी मी एकदा
सोळा तास जागले आहे.

दातीर भट्टीच्या तोंडाशी. एकवीस वर्षं तिथेच.
त्यांच्या आजोबांची विहीर कॉम्प्रेसरच्या खाली आहे,
नव्या पोरांना ते बोट करून जागा दाखवतात.
आज एवढंच म्हणाले, "चालतंय ना पण?"

चालतंय. तोच तर वांधा आहे.
लॉगबुकात मागे गेले:
'अपडेट – पुढच्या शटडाउनला.' माझं अक्षर.
'अपडेट – पुढच्या शटडाउनला.' कुलथे साहेब, हिरवी शाई.
त्याच्या मागचं पान तेलानं पारदर्शक झालंय,
त्यातूनही 'पुढच्या' एवढं वाचता येतं.

प्रोग्राम उतरवून घेतला.
नावं नाहीत, टिपणं नाहीत, नुसते आकडे.
टी चौतीस: एक पूर्णांक सात सेकंद.
कशासाठी?
शार्दूल म्हणाला, असेल काहीतरी.

गायधनींना फोन लावला, पंचवटीत.
रिटायर होऊन अकरा वर्षं, एका कानानं ऐकतात,
मागे कुकरची शिट्टी.
"चौतीस? अगं, दाताराचा तो." दातीर म्हणायचं होतं त्यांना.
"बटण दाबलं की झाकण लगेच पडायचं.
ट्रे ढकलून ह्याचा हात बाहेर यायला किती लागतं
ते मी घड्याळ लावून मोजलं होतं.
दीड. वर दोन दशांश माझे."

आमच्याकडे भंगारातून आणलेला
ह्याचाच एक जुळा होता,
सातपूरच्या बंद पडलेल्या कंपनीतला, सोळाशे रुपयांना.
आधी त्याच्यावर टाकलं.
बावीस मिनिटं. सगळे दिवे हिरवे.
शार्दूलनं टाळीसाठी हात पुढे केला.
मी टी चौतीस उघडला.

एक.

नुसता एक. नव्याला दशांश नको होता,
त्यानं सात गाळला, कुणाला न विचारता,
आणि हिरवा दिवा लावून बसला.

मी दातीरांच्या हाताकडे पाहिलं नाही.
पाहिलं, पण ते पाहत नसताना.
करंगळीवर जुना डाग आहे, गायधनींच्या आधीचा.

मग निळी केबल काढली.
वरच्या ऑफिसात भट्टीचं तापमान फोनवर दिसावं
म्हणून दोन वर्षांपूर्वी जोडलेली.
भोक राहील, पण वाट राहणार नाही.
पाचव्या मिनिटाला साहेबांचा फोन:
"आकडे दिसेनात."
म्हटलं, खाली या सर, इथे दिसतायत.

मला माहीत आहे, हा काही अमर नाही.
कुठलातरी कपॅसिटर फुगत असणार,
बॅटरी एका रविवारी संपणार,
आणि तेव्हा कुणी पत्र पाठवणार नाही.
नव्या मेंदूचं कोटेशन पुन्हा पाठवते,
तिसऱ्यांदा. ह्या वेळी गायधनींना घेऊन वर जाईन,
त्यांचा बरा कान साहेबांकडे करून बसवीन.

लॉगबुकात 'पुढच्या' लिहायला पेन टेकवलं
आणि उचललं.
लिहिलं: टी चौतीस, एक पूर्णांक सात.
हा दातीरांचा हात आहे. बदलू नये.

"काय लिवलं?" दातीर.
"तुमचं नाव."
"कशापायी?"
शार्दूल बादली सुलटी करत होता.
दातीरांनी पॅनेलच्या दाराला गुडघा दिला,
ते एकदम लागलं नाही,
त्यांनी पुन्हा दिला.