पेन्सिलीची खूण

पहिल्या सकाळी मला काहीच वाचता आलं नाही.
टेबलावर दोऱ्याने बांधलेली बोटभर पेन्सिल
आणि गुलाबी कागदाची चिठ्ठी:
चौकोनांची रांग, शेजारी कोंबड्यांनी उकरल्यासारखी अक्षरं.
पेपर कोरा ठेवू नये, एवढं शाळेत शिकले होते.
तिसऱ्या ओळीत खूण केली.

आली माशाची आतडी.
वर आल्याचे केसाएवढे धागे,
आणि समोर मी,
चातुर्मासात कांदाही न शिजणाऱ्या घरातली.
शेजारच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं.
मालकीण, चुआंग काकू, झारा हवेत धरून थांबली.
ताइनानच्या त्या गल्लीत सकाळचे सहा वाजले होते
आणि एक स्कूटरसुद्धा जात नव्हती.

खाल्लं.
आधी कडू. मग लोण्यासारखं.
मग तळ्याच्या तळाशी हात घातल्यावर
बोटांना लागतं तसं काहीतरी गार, जुनं.
काकूने विचारलं, "हो-चिआ बो?"
मला त्यातला फक्त "हो" कळला.
म्हणून म्हटलं, हो.

म्हातारा हसला, काकू हसली,
न मागता सुपाची वाटी आली.
पुढे यू-शुआनने प्रयोगशाळेत सांगितलं,
त्यांच्या बोलीत "हो" म्हणजे चांगलं.
म्हणजे मी मराठीत उत्तर दिलं
आणि ते बरोबर होतं.
गेल्या वर्षभरात दुसरं कुठलंच उत्तर
इतकं बरोबर आलेलं नाही.

त्यानंतर मी अक्षरं पोटातून शिकले.
मासा: खाली चार थेंब, शेपटी झटकल्यासारखे.
लहान वाटी: मधली काठी, दोन बाजूंना दोन कण.
भात. सूप. पोटाचा तुकडा.
आतडी सात वाजेपर्यंतच, मग संपतात,
आणि उशिरा उठणाऱ्यांसाठी काकूच्या मनात
अजिबात दया नाही.

रात्रीच्या बाजारात
थुइने माझं मनगट धरून मला आंबलेल्या टोफूपाशी नेलं.
नाक म्हणालं, परत फिर.
थुइ म्हणाली, आमच्या ह्युएमध्ये कोळंबीचा खार असतो,
त्याच्यापुढे हे म्हणजे अत्तर.
कुरकुरीत कड, आत वाफ, वर आंबट कोबी.
दुसरी प्लेट मीच मागितली
आणि वसतिगृहाच्या लिफ्टमध्ये
सगळ्यांनी आमच्याकडे पाठ केली.

रविवारी आई विचारायची, काय जेवलीस?
मी सांगायची, भात.
खोटं नव्हतं. भातच होता.
भातावर तासन्‌तास शिजलेलं, सोयात काळसर झालेलं,
ओठांना चिकटणारं काय होतं ते तिने विचारलं नाही,
आणि आमच्या घरी न विचारलेल्याचं उत्तर
द्यायची पद्धत नाही.

मग एकदा तिने भलत्याच वेळी फोन केला,
तिच्याकडे पहाटेचे चार.
झोप लागत नव्हती म्हणाली.
मी दुकानात. वाटी उघडी, समोर.
"ते वर काय आहे गं?"
मी वाटीवर हात धरला. उशीर झाला होता.
माझ्या खांद्यावरून चुआंग काकूचा चेहरा
पडद्यात आला, वाफेने ओला,
आणि ती माझ्या आईला मोठ्याने म्हणाली,
"हो-चिआ!"

आई दचकली.
मग कुणी वडीलधाऱ्याने बोलावल्यावर
पदर सावरत म्हणतो तसं म्हणाली,
"हो, हो."

बराच वेळ दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.
तेल तडतडत होतं.
मग काकू गेली, कुणाला तरी सुट्टे पैसे द्यायला.
आईने आवाज खाली आणला.
"बाई बरी दिसते," म्हणाली.
"काटे काढून देते ना?"