तुडूम

केंद्रप्रमुखांचा निरोप आला, परिसर भेट झालीच पाहिजे,
फोटो सोमवारपर्यंत, मुलं आणि फलक दोन्ही दिसले पाहिजेत.
म्हणून चौथीची सव्वीस पोरं दोन काळीपिवळ्यांत कोंबून
मी तालुक्याला नेली, निसर्ग उद्यानात.
खेमेश्वरला गाडी लागली. लोकेश्वरीनं त्याला
डब्यातलं लिंबाचं लोणचं चाटायला दिलं.

फाटकावर तिकीट पाच रुपये, शाळेला अर्धं.
आत सिमेंटचं हरीण, सिमेंटचाच बिबट्या,
दोघं बंद कारंज्याकडे बघत उभे, जुन्या शेजाऱ्यांसारखे.
पोरं बिबट्याच्या जबड्यात हात घालून आली.
मग तलाव. चहूकडून फरशी, फरशीला जाळी,
जाळीवर पाटी: पाण्यात उतरू नये.

मी शिट्टी वाजवली. होकायंत्र काढलं.
उत्तर कुठे? सव्वीस बोटं, निदान सात दिशांना.
जलाशय, लिहा. दोन पक्षी, दोन वनस्पती,
शेवटी एक वाक्य स्वच्छतेवर.
(मी अकोल्याकडचा. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं,
नाहीतर टँकरमध्ये.
तलाव मी डी.एड.ला शिकलो, नकाशातल्या निळ्या रंगात.)

डिलेश्वरी मारबते काहीच लिहीत नव्हती.
वर्गात खिडकीपाशी बसते, हजेरीला नुसतं 'हो' म्हणते.
ती जाळीला बोटं लावत चालत गेली,
पूर्ण फेरी मारून परत आली, म्हणाली,
"गुर्जी, याचं तुडूम कुठी हाय?"

मला तुडूम माहीत नव्हतं.
रखवालदाराला विचारलं.
त्यानं प्रसाधनगृहाकडे बोट दाखवलं.

मग तिनंच सांगितलं. कुणी हसलं नाही,
कारण मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं:
पारीच्या पोटात भोकं असतात, एकाखाली एक,
लाकडाचे गुटके ठोकलेली.
धान पाणी मागायला लागलं की वरचं आधी उघडायचं,
मग त्याखालचं.
"पानी उतरते तसं आपुन बी उतराचं."
तिचा आजा बुडी मारून गुटका काढायचा.
कितीदा काढला कोण मोजणार,
पण उजवा कान त्यातच गेला.
"त्या बाजूनं हाक मारली तर आयकू येत नाही त्याले."
आणि जाळीकडे बघून,
"हे तं डबकंच हाय, गुर्जी. येते कुठून, जाते कुठी?"

मग आम्ही शोधायला लागलो.
होकायंत्र माझ्या खिशात, वह्या हरणाच्या पाठीवर.
सेल्फी पॉइंटची लाल अक्षरं होती, माणसाहून उंच;
शेवटच्या अक्षराखाली खेमेश्वर पोटावर झोपला
आणि ओरडला.
दगडी तोंड, सिमेंटनं बुजवलेलं.
कडेच्या फटीत एक खेकडा, अर्धा आत.
पोरांनी एकेक करून तळवा लावून पाहिला.
मीही लावला.
सिमेंट ओलं होतं.

फोटो झाला. फलक दिसतो, पोरंही दिसतात.

शनिवारी रात्री नकाशे तपासले.
पंचवीस निळे वाटोळे, पंचवीस बाण उत्तरेकडे.
डिलेश्वरीचा तलाव कोपऱ्यात, चिंचोक्याएवढा.
सूचीत एकच चिन्ह, काळा ठिपका,
आणि त्या ठिपक्यातून निघालेली रेघ
बांध्यांतून वळत, चौकट ओलांडून
कागदाच्या काठावरून खाली गेलेली.
चौकटीबाहेर काही काढू नये, मीच सांगितलं होतं.
लाल पेन उघडं होतं.
मी कागद उलटला.
रेघ मागच्या बाजूनं पुढे चालली होती.

रविवारी त्यांच्या घरी गेलो.
आजा अंगणात जाळं सांधत बसला होता.
मी नाव सांगितलं, शाळा सांगितली,
तुडूम बघायचं आहे म्हणालो, पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं.
त्याचं बोट एका गाठीपासून दुसऱ्या गाठीकडे जात राहिलं.
मी उजव्या बाजूला उभा होतो.