पुढची तारीख

सीपीआरसमोरच्या आमच्या काउंटरवर
लहू व्हटकर रिकामी स्ट्रिप ठेवतात.
हेच पायजे. मंडळींचं.
किंमत सांगताना मी आवाज उतरवतो,
तरी मागचा माणूस ऐकतोच.

"आन् ती स्वस्तातली येणार हुती?"
तयार आहे म्हटलं, गोदामात पडून.
कोर्टाची मनाई. पेटंट.
म्हणजे काय, ते विचारत नाहीत.
माझ्या पायांकडं बघतात.

"ही कापशी कुठनं घेतली?"
महाद्वार रोडवरनं.
"वीण आमच्या आज्ज्याची हाय.
आता कुणीबी करतंय.
करू दे की. चालणाऱ्याला पायात पायजेच."

मग म्हणाले, चारच कापून द्या,
मंगळवारपतूर भागतंय.

कोर्टाची तारीख अठ्ठावीस.
मी बोललो नाही.
कात्री चंदेरी पत्र्यातनं
करकरत गेली.