निंदण

निंदण हे नाव मीच ठेवलं तिचं.
कोडमधली कामात न येणारी ओळ हुडकून दाखवणारी
एवढीशी आज्ञावली. खिडकी नाही, बटण नाही.
काळ्या पडद्यावर नाव टंकायचं, एंटर दाबायचं,
की वाकून चालू लागते बांधीतून.

सहा वर्षं लिनक्सच्या मातीत रुजलेली.
आता लाखांदूरच्या आयटीआयमध्ये अकरा संगणकांवर हवी आहे,
आणि तिथं विंडोज आहे,
आणि लांजेवार मॅडम म्हणाल्या,
ते बदलायचं तर नागपूरहून परवानगी लागते.
परवानगीपेक्षा पोर्टिंग सोपं,
असं मला वाटलं.

मामाच्या राइस मिलच्या माडीवर बसलो,
कारण इन्व्हर्टर तिथं आहे.
खाली हलर चालू, टेबल थरथरतं,
कीबोर्डच्या फटींत कोंडा.

पहिली रात्र नुसत्या रेघेत गेली.
फाइलचा रस्ता लिहिताना इकडे रेघ उजवीकडे कलते,
तिकडे डावीकडे.
एकशे बेचाळीस ठिकाणी मी कल उलटा केला.
त्यातली एक रेघ रस्त्याची नव्हतीच,
तारखेची होती.
पहाटे तीनला दिवस सापडला, महिना नाही.

मग ओळीचा शेवट.
लिनक्सला ओळ संपली की नुसतं खाली उतरायचं असतं.
विंडोज म्हणतं, आधी मागे धुऱ्यापर्यंत जा, मग उतर.
त्या मागे जाण्याचं एक न दिसणारं अक्षर
प्रत्येक ओळीच्या टोकाला,
आणि निंदण त्यालाच तण म्हणायची.
पहिल्या चाचणीत
अख्खं शेत तण निघालं.

मग फोर्क.
लिनक्सवर एक प्रक्रिया बसल्या जागी दोन होते,
लेकरू आईची सगळी आठवण घेऊनच जन्मतं.
विंडोजमध्ये ते नाही.
नवा माणूस कोरा येतो,
त्याला पहिल्यापासून सांगावं लागतं,
पाणी कुठं, चटणी कुठं,
आणि तू कोण.

तिसऱ्या दिवशी ओमेश्वरीचा फोटो आला.
शिवणकाम सोडून कोपा ट्रेडला आलेली पोरगी.
"सर, सगळे चौकोन येऊन राहिले."

मी संदेश मराठीत लिहिले होते, हौसेनं.
पडद्यावर ळ नाही, ण नाही, काना नाही,
चौकोनामागे चौकोन, रिकाम्या बांध्यांसारखे.
बघत बसलो.
मामा चहा घेऊन वर आला.
"का गा, डोरे सुजले ना."

डोरे.
आमच्या बोलीत ळ नाहीच.
तळ्याला आम्ही तरा म्हणतो
आणि त्यात पानी मावतं ते तेवढंच.
सहावीत मी फळ्याला फरा म्हणालो तेव्हा
भंडाऱ्याचे गुरुजी हसले,
पन्नास वेळा ळ लिहून घेतला.
अजून सुरेख काढतो.
पण घरी आलो की तो बाहेर,
चपलांपाशी थांबायचा.

त्या रात्री एक तक्ता केला.
पडद्याला अक्षर उमटत असेल तर ते,
नसेल तर जवळचं दुसरं,
तेही नसेल तर सरळ रोमन.
माफी मागणारी ओळ लिहिली होती खाली,
ती पुसली.

चौथ्या दिवशी दहा संगणकांवर चालली.
अकराव्याची वायर उंदरानं खाल्ली,
त्याला मी जबाबदार नाही.

मग मी निंदणीला तिच्याच कोडात सोडलं.
सात ओळी तिनं तण म्हणून दाखवल्या,
सगळ्या जुन्या मातीतल्या,
आता कुठूनच हाक न येणाऱ्या.
बरोबर होतं तिचं.
सहा काढल्या.
सातवीवर माझीच टीप होती, सहा वर्षांपूर्वीची:
हे का चालतं माहीत नाही, पण हात लावू नको.

राहू दिली.
तरोटा धुऱ्यावर असला
तर कोणी उपटत नाही.