एकसष्ट तास

तासगावात बेदाण्याचे सौदे उरकले,
टेम्पो गेले, उष्ट्या कपांवर माश्या बसल्या,
तेव्हा मी मगदुमांच्या स्टोरेजात शिरले.
पिशवीत पेन ड्राइव्ह,
अंगात नवऱ्याचा स्वेटर, ऐन मार्चात.

काउंटरमागचा संगणक
चार अंशांच्या भिंतीला पाठ लावून बसलेला,
साडेचार वर्षं एकदाही निजलेला नाही.
त्याच्या डिस्कला विचारलं, किती तास जागी आहेस?
एकोणचाळीस हजार नऊशे एकोणचाळीस.

चाळीस हजार भरले की ही स्वतःला विसरते, मी म्हटलं.
बनवतानाच राहिलेली खोट आहे.
दुरुस्ती आलीये, फर्मवेअर बदलावं लागेल.
"म्हंजे नक्की काय बदलणार, नफिसाबाई?"
पारिसाअण्णांनी चष्मा कपाळावर सारला.

मी चेंबरच्या दाराकडे बोट केलं.
पेट्या त्याच राहतील, अण्णा. रॅकही तेच.
पण कुठली पेटी कितव्या मजल्यावर,
कुठली रात्रीत गुपचूप हलवली
एकाच फळीवर भार नको म्हणून,
हे ज्याच्या डोक्यात आहे तो मुकादम,
त्याची एक सवय मोडायचीय.

अण्णा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "बिराप्पा."

बिराप्पा कोळेकर. वीस वर्षं मुकादम.
वही नाही. पेटीवर खडूची एक रेघ,
बाकी हिशेब टोपीखाली.
एका सकाळी दाराशी आला, चप्पल काढली,
आणि विचारलं, "हे कुणाचं घर म्हणायचं?"
आत अकरा हजार पेट्या.
एकही हलली नव्हती.
एकही सापडेना.
आठ दिवस शेतकरी चाखून चाखून आपला माल शोधत होते.
मणेराजुरीच्या एका म्हाताऱ्यानं दाणा जिभेवर ठेवला
नि थुंकून टाकला,
"ह्यो माझा न्हवं. माझ्या हिरीचं पाणी मचूळ हाय."

एवढं सांगून अण्णा उठले,
लाईट असतानाच जनरेटर लावायला सांगितला.
डिझेलचं बोलले नाहीत.

आधी सगळी खाती दुसऱ्या डिस्कवर उतरवली.
त्यात तीन तास गेले.
मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:
काम चालू आहे. वीज बंद करू नका.
बारा टक्के. एकतीस.
चाळीसवर येऊन थांबलं.
थांबलं म्हणजे थांबलंच.
जनरेटरचा पोरगा आत डोकावला,
"जरा थापटून बघा की ताई,
आमचा टीव्ही लागतोय तसा."
मी हात मांडीवर ठेवले.
लोकांना वाटतं मी दुरुस्तीचे पैसे घेते.
मी घेते ते या वेळेचे,
जेव्हा काही करायचं नसतं
आणि उठूनही जायचं नसतं.
कॉम्प्रेसर धापा टाकत होता. की मीच.

एकेचाळीस.

पुढचं भरभर झालं. पडदा विझला,
इतका वेळ विझला की अण्णांनी णमोकार सुरू केला,
मी माझं काही पुटपुटले,
आणि दोन्ही पुरी व्हायच्या आत उजेड आला.
डिस्कचं नाव तेच,
शेवटचा आकडा तेवढा सहाचा सात.
खाती उघडली. लॉट दोनशे बारा, मणेराजुरी,
तिसरा मजला, पेट्या अठ्ठावीस.
तास: एकोणचाळीस हजार नऊशे बेचाळीस.
आता पुढे मोजायला हरकत नव्हती.

पोरानं जनरेटर बंद केला.
कान एकदम रिकामे झाले.
अण्णांनी पैशांसोबत बेदाण्याची पुडी दिली,
हिरवा, लांब दाणा.
मी दारात थबकले. बिराप्पा आहेत अजून?

"हाय की. ढालगावला, लेकीकडं.
रोज सांजचं अंगणातल्या विटा उचलतोय,
हिकडच्या तिकडं मांडतोय.
का रं बाबा, म्हटलं,
तर म्हणतोय, भार एका जागी नको."