चौतिसावी खुर्ची

आम्हाला जिंकायचं नव्हतंच.
हे आधी सांगून टाकते, नंतर लोक हसतात.
नव्व्याण्णव खुर्च्यांच्या त्या सभागृहात
बहुमत आमचं होणार नाही,
हे विस्कॉन्सिनच्या गाईंनाही ठाऊक होतं.
वरचं सभागृह तर आधीच हातचं गेलेलं.
आम्हाला फक्त बेतानं हरायचं होतं,
चौतीस खुर्च्या राखून.
तेहतीस झाल्या
की गव्हर्नरच्या पेनातली शाई म्हणजे नुसतं पाणी.

मी लॉर्ना. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
इथलं प्रत्येक दार मला थांबा म्हणून पाठ.
म्हणून ग्रेटानं मला सोबत घेतलं.
ग्रेटा नीलुंड, गुरांची डॉक्टर,
खांद्यापर्यंत हात घालून आडवं वासरू ओढून काढणारी,
पण परक्या दारावरची घंटी दाबताना
तिचं बोट थरथरायचं.

ऑक्टोबर संपत आलेला. पायऱ्यांवर भोपळे,
त्यांचे कोरलेले चेहरे आत खचत चाललेले.
माय सीच्या हातात यादी, डोक्यावर आजीनं विणलेली टोपी.
"गव्हर्नरला 'नाही' म्हणता यावं
म्हणून तुम्ही आम्हाला 'हो' म्हणा,"
हे ती चार दारांवर नीट समजावते,
पाचव्या दारावर तिचीच गल्लत होते
आणि आम्ही तिघी फुटपाथवर वाकून हसतो.

ऑर्विल श्टेंगल गोठ्यातूनच ओरडला,
"त्याचा तो नन्नाचा पाढा!
बाकीच्यांनी काम करायचं, यानं मोडता घालायचा."
मी म्हटलं, ऑर्विल, बसला ब्रेक असतो
तो काय पुढे जायला?
"तुझी बस कधी वेळेवर आली?" तो म्हणाला.
खरं होतं.
तोवर ग्रेटा त्याच्या कडेच्या गाईपाशी जाऊन
सड दाबून बघत होती.
चाळीस मिनिटं गेली. नऊ दारं राहिली.
माय सी यादीवर नुसती पेन्सिल आपटत उभी.

निकालाच्या रात्री वाचनालयाच्या तळघरात
मॅकरोनी थंड पडली, कुणी हात लावला नाही.
दीड वाजता तेहतीस.
आमची एक अडकलेली.
मग बारा दिवस फेरमोजणी,
मतपत्रिका दिव्याकडे धरून बघणारी
चष्मेवाली माणसं.
एका मतपत्रिकेवर ग्रेटाच्या नावापुढचा गोल काळा केलेला
आणि शेजारी वाकड्या अक्षरात लिहिलेलं,
'बरं बाई.'
धरायचं की नाही यावर दोन तास वाद.
धरलं.
सतरा मतांनी आली.

गोष्ट इथेच संपवायला मला आवडलं असतं.

मार्चमध्ये पहिला नकार आला
तो आमच्याच पुलाला.
रस्त्यांच्या बिलात कुणी हळूच काहीबाही कोंबलेलं,
पाण्याची तपासणी बंद, असलं काहीतरी.
गव्हर्नरनं अख्खं बिल परत धाडलं.
त्यात आमचा पूल होता,
ज्याच्यावर मी एकतीस वर्षं
पोरांना गप्प बसवून, श्वास धरून बस काढली.

रात्री ग्रेटाचा फोन.
उद्या नकार मोडायचं मतदान.
"मी तिकडे गेले तर सहासष्ट होतात, लॉर्ना.
पूल होतो."
मागे कुठेतरी लिफ्टची घंटी वाजली.
"तूच सांग."

काय सांगू?
मला थंडीतली ती दारं आठवली,
माय सीची गल्लत, ते 'बरं बाई.'
आम्ही मागितला होता तो नकार
आमच्या सोयीचा असेल
असं कुठल्या दारावर म्हटलं होतं?

"झोप," मी म्हटलं, "आणि कुणालाच विचारू नकोस."
फोन ठेवला.
सकाळी पुलापाशी आले. पाटी तशीच:
एका वेळी एकच गाडी.
पलीकडून ऑर्विलचा ट्रक आला.
त्यानं दिवे मिचकावले, आधी तू.
मी मिचकावले, नाही, तू.
बराच वेळ आम्ही दोघं
तसेच थांबून राहिलो.