पान एकतीस

नोटांच्या छापखान्यात मी एकोणतीस वर्षं चुका शोधल्या.
नक्षीतली केसाएवढी तूट,
नंबरातला लंगडा सात.
नाशिकरोडहून वाईट नोट सुटली असेल
तर ती माझ्या रजेच्या दिवशी.
निवृत्त झाल्यावर म्हटलं,
सगळे मिळून लिहितात त्या कोशात
आजोबांचं एक पान टाकू.

सदोबा वडके, तांबट आळी, नाशिक.
दुहेरी नळीचा बंब त्यांनी घडवला, सन १९३१.
संदर्भ: ‘वडके घराण्याची हकिगत’, पान एकतीस.
हकिगत लिहिणारे आमचे दादा.

दुसऱ्या दिवशी चहा उकळायच्या आत सदोबा पुसले गेले.
‘गोदाकाठ-७’ नावाचं कुणी लिहून गेलेलं:
बंब चुलते राघोबा यांचा, सन १९१३.
तेव्हा सदोबा सहा वर्षांचे.
सहा वर्षांचं पोर घण उचलतं का?
संदर्भ: तीच हकिगत, तेच पान.

मी उलटवलं. त्याने उलटवलं.
अकरा दिवस ठोक्यावर ठोका,
मठारकाम चालावं तसं,
फक्त भांडं काही होईना.

रामकुंडावर गेले. गुरुजींनी लांबोडकी वही सोडली.
“नावं तुमची, वही आमची,” म्हणाले, “फोटो नको.”
सदोबांच्या आईचं दहावं सापडलं, राघोबांची सही सापडली.
बंब नव्हता.
वहीत गेलेली माणसं उतरतात,
तापलेलं पाणी कोण नोंदवतो?

मग तिसरा आला. सभ्य. सोलापूरचा की सिडनीचा, कळायला मार्ग नाही.
एका पानावर दोन सालं कशी, म्हणाला.
हे पुस्तक कुठल्या ग्रंथालयात आहे?
शिवाय दोघांनीही चौदा ओळी जशाच्या तशा उचलल्यात.
लेखक १९८८ला वारले,
प्रताधिकार २०४८ संपेपर्यंत.
पान कोरं केलं त्याने.
मजकूर परत हवा तर
सर्व वारसांच्या सह्यांचं पत्र.

सर्व वारस.
म्हणजे मी आणि पुरुषोत्तम.
वाटणीनंतर आम्ही बोललेलो नाही.
आईच्या तेराव्याला शेजारी बसून
त्याने माझ्याकडचं मीठ वाढप्याकडून मागवलं होतं.

हकिगत काढून भिंग लावलं, जुन्या नोकरीचं.
पान एकतीस. हिरव्या शाईची बारीक काट,
वर समासात १९३१.
काटेखाली छापलेलं १९१३.
जुळाऱ्याने एक आणि तीन
उलटे बसवले होते, बस्स.
मी आयुष्यभर शाई वाचत आले,
खालचा छापा नाही. मी!

बाकीचा गठ्ठा आठ सालच्या पुरात गेला.
उरल्या दोनच प्रती.
एक माझ्याकडे.

चर्चापानावर लिहिलं:
तुमच्या प्रतीत पान एकतीसवर हिरवी शाई आहे का?

तीन दिवस काही नाही.
चौथ्या रात्री, पावणेदोनला:
नाही. आक्का, तू आहेस का?

त्याखाली तिसऱ्याने लगेच डकवलं:
कृपया चर्चा विषयाला धरून ठेवावी.

बंब पुरूच्या गच्चीत आहे, मखमलाबादला.
आत कांदे ठेवतात.
रविवारी गेले. त्याने कांदे काढले,
आम्ही दोघांनी मिळून तो आडवा केला,
दोघांचेही गुडघे वाजले.
तळ पाहिला. साल नाही, नाव नाही,
ठोकेच ठोके, ओळीने, एकाच हाताचे.
“ही वस्तू संदर्भ म्हणून चालत नाही,” पुरू म्हणाला,
“मी विचारून घेतलंय.”

आणि ती हिरवी शाई दादांची का?
त्याने विचारलं.
मी हो म्हटलं. पटकन म्हटलं.
शाळेत असताना माझ्याकडेही
एक हिरवं पेन होतं.

पत्र टाइप करून ठेवलंय:
आम्ही खाली सही करणार.
पहिल्या रेघेवर त्याने सही केली.
दुसरीवर अजून
पेन टेकवून बसले आहे.